वनस्पती पेशीशास्त्रात नव्याने येणाऱ्यास

पहिल्या वर्षी शोधनिबंधाची घाई न करता ऊतिसंवर्धनात (निर्जंतुक बाटलीत वनस्पतीचे तुकडे वाढवण्यात) आणि सूक्ष्मदर्शकावर हात बसवावा, असे मी तुम्हाला सुचवेन. लॅमिनार फ्लोमध्ये, म्हणजे गाळलेल्या स्वच्छ हवेच्या कपाटात, आपला हात कोठून फिरतो याकडे लक्ष न दिल्यामुळे माझ्या चार महिन्यांच्या बाटल्या बुरशीने गेल्या होत्या.

अनपेक्षित दिसलेले मात्र बुरशीसारखे फेकून देऊ नये. दिल्ली विद्यापीठात शिप्रा गुहा यांनी धोतऱ्याच्या प्रजातीचे परागकोश संवर्धनात ठेवले ते अर्धसूत्री विभाजन (परागकण बनताना गुणसूत्रे निम्मी करणारे पेशीविभाजन) अभ्यासण्यासाठी. पण त्यांतून भ्रूणांसारख्या रचना बाहेर आल्या, आणि १९६४ साली त्यांनी व सतीशचंद्र महेश्वरी यांनी ते प्रसिद्ध केले. या रचना परागकोशाच्या भित्तिकेपासून नव्हे, तर परागकणांपासूनच उपजल्या आहेत, हे ठरवण्यासाठी पेशींचा उगम तपासून त्या परागकणांप्रमाणे एकगुणित, म्हणजे गुणसूत्रांचा एकच संच असलेल्या, असल्याची खात्री करावी लागली, आणि तो निष्कर्ष १९६६ साली आला. गुणसूत्रे दुप्पट केली की अशा रोपापासून एकाच पिढीत शुद्ध वाण मिळतो, म्हणून पैदासकारांनी हे तंत्र उचलले.

मार्गदर्शक निवडताना प्रयोगशाळेतील यंत्रांपेक्षा तेथील जुन्या विद्यार्थ्यांच्या नोंदवह्या पाहाव्यात. फसलेले प्रयोगही तारखेसह लिहिलेले असतील, तर तेथे निःशंक जावे.