‘बाबा, मी पटकन करते हं’

प्रश्न : मी भांडुपला राहतो, नोकरी फोर्टात. मुलगी साडेचार वर्षांची, ज्युनियर केजीत. बायकोची पहाटेची ड्यूटी असते, त्यामुळे सकाळचं सगळं माझ्याकडे. मुलीला शाळेत सोडून मी ८.१२ची स्लो पकडतो. ती चुकली की लेट मार्क, आणि तीन लेट मार्क झाले की अर्धी रजा जाते. गेल्या आठवड्यात बुटाचं बक्कल ‘मीच लावणार’ म्हणून ती अडून बसली. पट्टा आत जायचा आणि निसटायचा. शेवटी मी बूट तिच्या हातातून हिसकावला, दारावर फेकला, जोरात ओरडलो आणि हाताला धरून तिला जिन्यावरून अक्षरशः ओढत नेलं. ती रडली नाही. संध्याकाळी मोठं चॉकलेट आणलं, तिने ते खाल्लंही. पण तेव्हापासून रोज सकाळी मी काही बोलायच्या आत ती म्हणते, ‘बाबा, मी पटकन करते हं, ओरडू नको.’ पोटात कालवतं. तिला सॉरी म्हणावंसं वाटतं, पण आई म्हणते, ‘एवढ्याशा पोरीची माफी कसली मागतोस? ही परदेशी थेरं. उद्या डोक्यावर बसेल. आणि ती विसरलीसुद्धा असेल.’ काय करू? वेल्क्रोचे बूट घेऊन टाकू का?
— एक बाबा, भांडुप

उत्तर : विसरली असती तर रोज सकाळी तुमच्या आधी तिने तोंड उघडलं नसतं. तिने आपल्यापुरता हिशेब लावून टाकलाय : मी हळू केलं म्हणून बाबा तसा वागला. या वयाची मुलं घरात जे काही बिघडतं त्याचं कारण स्वतःकडे घेतात. ८.१२ची गाडी, लेट मार्क, साहेब, यातलं तिला काही दिसत नाही. दिसतो तो बूट आणि तुमचा चेहरा. म्हणून सॉरी म्हणाच. चॉकलेटने तो हिशेब सुटत नाही, त्यात बुटाबद्दल चकार शब्द नाही.

त्याआधी एक गोष्ट, आणि ती मी गोड शब्दांत सांगणार नाही. लहान मुलाचा हात धरून झटक्याने ओढला तर कोपराचं हाड जागचं सरकू शकतं. पाच वर्षांखालच्या मुलांत हे बऱ्यापैकी होतं. मूल मग तो हात हलवत नाही, अंगाशी धरून बसतं आणि डॉक्टरांकडे पळावं लागतं. तुमच्या मुलीचं निभावलं. उशीर होत असेल तर उचलून घ्या, पण हाताला धरून ओढायचं नाही. जिन्यावर तर नाहीच.

आता माफी. सकाळच्या घाईत नको. रविवारी दुपारी किंवा रात्री जेवणं झाल्यावर, खाली तिच्याशेजारी बसून, मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवून. आणि थोडक्यात : ‘त्या दिवशी मी तुझा बूट फेकला, तुझ्यावर ओरडलो, तुला ओढलं. ते माझं चुकलं. बक्कल लावायला वेळ लागतोच, तू काही चुकीचं केलं नव्हतंस. मला गाडीची घाई होती, पण घाई असली तरी असं करायचं नसतं.’ बस. ‘पण तूही जरा लवकर...’ हे शेपूट जोडलंत की सगळं मुसळ केरात. ‘बाबाला माफ केलंस ना? मग एक पापी दे’ हेही नको, तुमचं मन हलकं करायचं काम तिच्या गळ्यात कशाला? आणि फार अपेक्षा ठेवू नका. ती ऐकून घेईल आणि म्हणेल, ‘मला आंबा दे.’ द्या.

१९७०च्या दशकात एडवर्ड ट्रॉनिक या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने एक प्रयोग केला. आईने बाळाशी खेळता खेळता एकदम चेहरा दगडासारखा करायचा आणि थोडा वेळ तसंच बसायचं. बाळं हसून बघतात, हात पुढे करतात, कुरकुरतात, शेवटी मान फिरवतात. आई पुन्हा बोलू लागली तरी काही बाळं लगेच हसत नाहीत, थोडा वेळ रुसलेलीच राहतात. आईबाप आणि मुलांचा सूर दिवसभर जुळत-तुटत असतो, तो पुन्हा जुळतो का हे महत्त्वाचं, असं ट्रॉनिक सांगतात. तेव्हा तुमच्या लेकीलाही जरा वेळ द्या. मधे एखाद्या सकाळी ती मुद्दाम रेंगाळेल. बाबा खरंच बदललाय का, हे तिला बघायचं असतं.

आईंना सांगा, हे खूळ विमानाने आलेलं नाही. गिजुभाई बधेकांनी वकिली सोडून १९२० साली भावनगरला बालमंदिर काढलं. ताराबाई मोडकांनी त्यांच्याबरोबर काम केलं आणि १९४५मध्ये, मुंबईपासून फार लांब नाही, बोर्डीला बालशिक्षणाचं केंद्र उभं केलं. मुलाला मारू नका, त्याचा पाणउतारा करू नका, हे ही माणसं आईंच्या जन्माआधीपासून सांगत होती. पण वाद घालू नका. तुम्ही माफी मागताना आई घरातच असू देत, जे ऐकायचं ते ऐकतील.

नुसत्या माफीने मात्र भागणार नाही. परळच्या बालवाडीच्या दारात मी वर्षानुवर्षं उभी राहिले आहे. गर्दीत शिरायचं म्हणून पाठीवरची बॅग आधीच छातीवर घेतलेले बाप रोज बघायची. मूल अजून चप्पल काढतंय आणि यांची नजर मनगटावर. तुमची सकाळ तशीच राहिली तर पुढच्या महिन्यात दुसरी माफी मागाल आणि मग तिलाही त्याची सवय होईल. तेव्हा बूट अगदी शेवटी, दारात उभं राहून घालू नका. केस विंचरून झाले की बूट, मग दूध. ‘पाच मिनिटं राहिली’ हे तिला कळत नाही. ‘केस, बूट, दूध’ कळतं. आणि बक्कल रविवारी शिकवा, उलट्या बाजूने. पट्टा तुम्ही आत घाला, काटा भोकात तुम्ही बसवा. पट्ट्याचं टोक बाजूच्या कडीत सरकवायचं तेवढं तिला द्या. ते जमलं की काटाही तिचा. म्हणजे दर वेळी ‘झालं!’ म्हणायचा मान तिचाच. तरीही राग आलाच तर ‘मला राग येतोय, पाणी पिऊन येतो’ असं मोठ्याने म्हणा आणि खरंच जा. एखादी गाडी चुकेल. एखादी अर्धी रजा जाईल.

ती सकाळी ‘ओरडू नको’ म्हणाली की ‘कोण ओरडतंय?’ असं हसण्यावारी नेऊ नका. ‘नाही ओरडत. तू कर, मी इथे बसलोय’ म्हणा आणि बसा.

वेल्क्रोचं म्हणाल, तर शाळेला चालत असतील तरी आधी तिला विचारा. बक्कल लावायचा हट्ट तिचा आहे, आणि तिच्याच बुटाबद्दल तिला न विचारता परस्पर ठरवून टाकलंत तर पुन्हा तेच झालं.