'विघटन', 'फाळणी' की 'विलग होणे'?

'ब्रिटिश संघराज्याचे विघटन झाल्यास युनियन जॅक बदलेल' हे वाक्य बरोबर आहे का, की 'विघटन'ऐवजी 'फाळणी' म्हणावे, अशी विचारणा झाली आहे. प्रश्नामागचा संदर्भ स्कॉटलंडच्या स्वातंत्र्याचा आहे. माझ्या मते या संदर्भात दोन्ही शब्द चपखल नाहीत, आणि 'संघराज्य'ही नाही, कारण ब्रिटन हे घटकराज्यांचे संघराज्य नसून १७०७ आणि १८०१ मध्ये अमलात आलेल्या कायद्यांनी एकत्र आलेली संयुक्त राजेशाही आहे.

'विघटन' म्हटले की मूळ राज्य मोडले, असा अर्थ निघतो. १ जानेवारी १९९३ रोजी चेकोस्लोव्हाकियाचे झाले ते विघटन. संघाची चिन्हे चेक आणि स्लोव्हाक या दोन्ही नव्या राज्यांनी वापरू नयेत, असे कायद्याने ठरलेले असताना चेक प्रजासत्ताकाने निळ्या त्रिकोणाचा जुनाच ध्वज आपला म्हणून ठेवला. 'फाळणी'त प्रदेशाची वाटणी करून सीमारेषा आखल्याचा भाव प्रबळ असतो. एक घटक आपणहून बाहेर पडतो आणि मूळ राज्य पुढे चालू राहते, तेव्हा बोलण्यात 'फुटून निघणे' आणि लेखनात 'विलग होणे' हेच नेमके शब्द होत.

हा भेद मला महत्त्वाचा वाटतो, कारण ध्वजाचे भवितव्य बरेचसे त्यावरच ठरते. उरलेल्या राज्याला जुना ध्वज सोडण्याचे कारण नसते. १९६१ मध्ये इजिप्तबरोबरच्या संयुक्त अरब प्रजासत्ताकातून सीरिया विलग झाल्यावरही इजिप्तने दोन ताऱ्यांचा ध्वज सुमारे दहा वर्षे चालवला. मलेशियाच्या ध्वजावर सिंगापूर धरून चौदा राज्यांसाठी चौदा पट्टे होते. १९६५ मध्ये सिंगापूर बाहेर पडले, पट्टे मात्र चौदाच राहिले आणि पुढे चौदावा संघशासनाचा मानला गेला.

युनियन जॅकमध्ये तर घटक एकमेकांत गुंतलेले आहेत. इंग्लंडचा लाल उभा-आडवा क्रूस आणि स्कॉटलंडची निळ्यावरची पांढरी फुली १६०६ मध्ये एकत्र आली. १८०१ मध्ये आयर्लंडची लाल फुली पांढऱ्या फुलीच्या मधोमध न बसवता किंचित सरकवून बसवली, त्यामुळे काठीकडच्या अर्ध्या भागात पांढरा रुंद पट्टा लाल पट्ट्याच्या वर येतो आणि दुसऱ्या अर्ध्या भागात खाली. स्कॉटलंडचा अग्रमान त्यातून राखला गेला. झेंडा उलटा लागला आहे का, हेही त्यावरूनच कळते. १९२२ मध्ये आयर्लंडचा बहुतांश भाग विलग झाला, तरी लाल फुली काढली गेली नाही. उत्तर आयर्लंड राज्यातच होते, हे त्याला पुरेसे कारण ठरले.

स्कॉटलंडच्या बाबतीत असा कोणताही भाग मागे उरणार नाही, म्हणून निळा रंग काढण्याची मागणी होईल, पण ती मान्य करावीच लागेल असा नियम नाही. त्यामुळे मूळ वाक्यातील 'बदलेल' हे निश्चयार्थी क्रियापदही मला खटकते. 'स्कॉटलंड ब्रिटनमधून विलग झाल्यास युनियन जॅक बदलला जाण्याची शक्यता आहे' असे लिहावे.