नवी बॅटरी बसवली, तरी गाडी नुसतीच ‘टक’ करते

प्रश्न : माझ्याकडे नऊ वर्षे जुनी पेट्रोल गाडी आहे. सकाळी शाहूपुरीतून निघताना ती पहिल्याच प्रयत्नात चालू होते. परंतु यवतेश्वरचा घाट चढून वर चहाला थांबलो आणि दहा मिनिटांनी पुन्हा किल्ली फिरवली, की बॉनेटखालून एकदाच ‘टक’ असा आवाज येतो आणि इंजिन जागचे हलत नाही. चार-पाच वेळा सेल्फ मारल्यावर कधीतरी अचानक चालू होते. गॅरेजवाल्यांच्या सांगण्यावरून दोन महिन्यांपूर्वी बॅटरी बदलली, तरी दोष तसाच आहे. आता संपूर्ण स्टार्टर बदलण्याचा सल्ला मिळाला आहे. तो मानावा का? — एक वाचक, सातारा

उत्तर : एवढ्यात मानू नये. आवाज एकदाच येतो, हे आपण लिहिलेत ते फार उपयोगाचे आहे, कारण बॅटरी उतरलेली असती तर बहुधा ‘टकटकटक’ असा भरभर आवाज आला असता. किल्ली फिरवल्यावर स्टार्टरवरील सॉलेनॉइड, म्हणजे विजेच्या चुंबकावर चालणारा स्विच, दोन कामे करतो : लहान दातेरी चाक पुढे ढकलून ते इंजिनाच्या फ्लायव्हीलच्या दात्यांत अडकवतो आणि त्याच ओघात तांब्याचे जाड कॉन्टॅक्ट जोडून स्टार्टरच्या मोटारीला वीज देतो. आपल्याला ऐकू येणारा ‘टक’ हा या सरकण्याचा आवाज आहे. तो ठसठशीत येत असेल, तर किल्लीपासून सॉलेनॉइडपर्यंतची बारीक वायर बहुधा ठीक असून अडचण त्यापुढच्या जाड प्रवाहाच्या वाटेत आहे.

या वाटेवर लहान गाडीतही शंभर-दीडशे अँपिअर प्रवाह वाहतो. एखाद्या गंजलेल्या जोडात केवळ 0.02 ओहम रोध असला, तरी 150 अँपिअरला तेथेच 3 व्होल्ट खर्ची पडतात. गाडी उभी असताना मल्टिमीटरने बॅटरी 12.6 व्होल्ट दाखवते आणि सारे आलबेल वाटते, ते याचमुळे. प्रवाह वाहत नसताना हा रोध मीटरला दिसतच नाही.

म्हणून पहिली परीक्षा दिव्यांची करावी. गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला, हेडलाइट चालू. घरातील कोणाला तरी किल्ली फिरवायला सांगून आपण समोरच्या भिंतीवरील उजेड पाहावा. ‘टक’ होताच दिवे अगदी मंद झाले किंवा विझले, तर बॅटरीचे टर्मिनल सैल किंवा गंजलेले असण्याचा संभव मोठा. नवी बॅटरी बसवताना जुन्याच क्लॅम्पवरची पांढरी-हिरवी बुरशी तशीच राहिलेली मी अनेकदा पाहिली आहे. ती खाण्याचा सोडा घातलेल्या गरम पाण्याने धुऊन, घासून, कोरडी करावी. टर्मिनल काढताना ऋण आधी काढावे आणि बसवताना ते शेवटी बसवावे, म्हणजे पाना बॉडीला लागून ठिणगी पडत नाही.

दिवे जवळजवळ तसेच राहिले, तर मोटारीपर्यंत प्रवाह पोचतच नाही. आपल्या पत्रावरून मला हीच शक्यता अधिक वाटते. घाटात तापलेल्या इंजिनाशेजारी स्टार्टर उभा भाजत असतो. तांब्याचा रोध उष्णतेने वाढतो आणि जळून खड्डे पडलेले कॉन्टॅक्ट किंवा झिजलेले कार्बन (मोटारीच्या फिरत्या भागाला वीज पोचवणारे ब्रश), जे सकाळी थंड असताना कसेबसे काम निभावतात, ते नेमके अशा वेळी दगा देतात. वारंवार प्रयत्न केल्यावर गाडी चालू होते, हे लक्षणही त्याच्याशी जुळते.

तरीही स्टार्टर उतरवण्यापूर्वी बॅटरीच्या ऋण टोकापासून इंजिनाला जाणारी अर्थिंगची केबल तपासून घ्यावी. मल्टिमीटरची एक तार ऋण टोकाला आणि दुसरी इंजिनाच्या उघड्या धातूला लावून सेल्फ मारावा. इंजिन फिरत असताना 0.2 व्होल्टपेक्षा फारसे अधिक दिसता कामा नये. एक-दोन व्होल्ट दिसले, तर दोष केबलचा आहे.

केबल चांगली निघाली, तर वाहनांची वायरिंग करणाऱ्या जाणकार इलेक्ट्रिशियनकडून स्टार्टर उघडून घ्यावा. पुष्कळ मॉडेलांचे कार्बन आणि सॉलेनॉइड सुटे मिळतात. आर्मेचर, म्हणजे मोटारीचा फिरता भाग, जळले नसेल, तर संपूर्ण स्टार्टर घेण्याचे कारण नाही. तोवर वाटेत अडलात, तर स्टार्टरला पान्याच्या दांड्याने हलकेच ठोकून पाहता येईल. जोराचा घाव मात्र घालू नये, कारण आतील चुंबक तडकू शकतात.

प्रश्न : आमची गाडी महिनाभर दारात उभी होती. आता किल्ली फिरवली की भरभर टकटक होते. धक्का मारून चालू करावी का? — एक वाचक, वाई

उत्तर : आपली बॅटरी उतरली आहे. मोटार प्रवाह ओढू लागताच व्होल्टेज कोसळते, सॉलेनॉइड सुटतो, व्होल्टेज सावरते आणि तो पुन्हा ओढला जातो, टकटक त्याचीच. हाताने गिअर बदलण्याची गाडी धक्क्यावर चालू होऊ शकते, ऑटोमॅटिक नाही. दुसऱ्या गाडीची बॅटरी जोडणार असाल, तर लाल केबल दोन्ही धन टोकांना लावावी. काळी केबल चांगल्या बॅटरीच्या ऋण टोकाला आणि तिचे दुसरे टोक आपल्या इंजिनाच्या उघड्या धातूला, बॅटरीपासून दूर, लावावे, कारण बॅटरीतून ठिणगीने पेटणारा हायड्रोजन निघतो. इंजिन चालू झाल्यावर बॅटरीवर 13.8 ते 14.5 व्होल्ट दिसले, तर अल्टरनेटर, म्हणजे इंजिनावर चालून बॅटरी भरणारे यंत्र, बरा आहे. त्यानंतर बॅटरी चार्जरवर पूर्ण भरून घ्यावी. वाईच्या बाजारापर्यंतच्या एका फेरीत ती भरत नाही.