क्लस्टर ट्रायलचा पायलट 6 आरोग्य केंद्रांत करायचा आहे. गाईड म्हणतात एकूण 30 रुग्ण पुरे. बरोबर आहे का?

30 चा ठोकताळा खोटा नाही, पण तो तुमच्यासाठी नाही. एकेका रुग्णाला रँडमली गटात टाकलं जातं, तिथे प्रमाण विचलनाचा ढोबळ अंदाज घ्यायला तो चालतो. तुमच्याकडे अख्खं केंद्रच, म्हणजे क्लस्टर, या किंवा त्या गटात जाणार. एकाच केंद्रातल्या रुग्णांना डॉक्टर तेच, नर्स त्याच. त्यामुळे विसावा रुग्ण पहिल्याइतकी नवी माहिती देत नाही.

आधी पायलटमधून काय हवंय ते ठरवा. उपचाराचा गुण येतो का, हे इथे तपासायचंच नाही. समजा, किती रुग्ण शेवटपर्यंत टिकतात ते हवंय. अंदाज 80 टक्के, चूक 10 टक्के इकडेतिकडे चालेल. साध्या हिशेबाने 62 रुग्ण लागतात. आयसीसी (एकाच केंद्रातले रुग्ण एकमेकांसारखे किती, याचं माप) 0.05 आणि केंद्रामागे 20 रुग्ण धरले तर डिझाइन इफेक्ट (त्यामुळे रुग्ण किती पट जास्त लागतात तो आकडा) 1 + 19 × 0.05, म्हणजे 1.95. गुणाकार जवळपास 120. सहा केंद्रांत प्रत्येकी 20, बसलं!

मग प्रत्येकी 100 घेतले तर? मेहनत पाचपट, पण त्या 600 जणांची किंमत 101 स्वतंत्र रुग्णांइतकीच. रुग्ण कितीही वाढवा, 6 भागिले 0.05, म्हणजे 120 च्या पुढे ती जातच नाही.

आयसीसी मात्र पायलटमधून काढू नका, आधीच्या मोठ्या अभ्यासांतून घ्या. आमच्या पहिल्या पायलटमध्ये चार क्लस्टर होते. आयसीसी शून्य आला आणि आम्ही खूश! संख्याशास्त्रज्ञ बाईंनी कॉन्फिडन्स इंटरव्हल (खरा आकडा ज्या पट्ट्यात असू शकतो तो) दाखवला तेव्हा चेहरे पडले, त्यात जवळपास काहीही बसत होतं. केंद्रांच्या टक्केवारीचंही तसंच. सहापैकी पाच टिकली तर 83 टक्के छान दिसतं, पण 95 टक्क्यांचा इंटरव्हल साधारण 36 ते 99 च्याही वर. तिथे टक्केवारी सोडा, सहावं का गेलं ते विचारा.

आणि हो, गटामागे एकच केंद्र कधीच नको. फरक उपचाराचा की केंद्राचा, हे सांगता येत नाही.

आयसीसी 0.1 धरूनही हिशेब करून बघा. मग मर्यादा 60 वर येते, म्हणजे सहा केंद्रांत 62 ची बरोबरी होणारच नाही. प्रत्येकी 20 ठेवले तर नऊ केंद्रं लागतील. गाईडना हे परवानग्या काढायच्या आधीच सांगा.