पास्टरेट कमिटीत (मंडळीचा कारभार पाहणाऱ्या समितीत) नव्याने आलेल्यासाठी

जय ख्रिस्त. कमिटीत निवडून आलास, अभिनंदन. सुरुवातीला बोल कमी, ऐक जास्त. आपली सीएनआय (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) 29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपुरात वेगवेगळ्या परंपरांच्या सहा मंडळ्या एकत्र येऊन झाली. पण अँग्लिकन घरातला माणूस आजही आधी बिशपांकडे बघतो आणि अमेरिकन मराठी मिशनच्या (मंडळीच्या सभेनेच निर्णय घेण्याच्या) वळणाचा सभेच्या ठरावाकडे. बाप्तिस्मा बालकाला द्यावा की प्रौढालाच, या वादावरचा तोडगा तर दोन्ही मान्य करूनच निघाला.

खरी कसोटी लागते ती एखाद्या घटस्फोटितेचा पुनर्विवाहाचा अर्ज टेबलावर येतो तेव्हा. एक म्हणेल, "शिस्त गेली की मंडळी गेली." दुसरा विचारेल, "मग तिने जायचं कुठे?" दोघेही बायबल उघडूनच बोलतात, तेव्हा कुणाला लगेच ढोंगी ठरवू नकोस. शिस्तवाल्याला विचार, भरघोस दान देणाऱ्या घरालाही हाच नियम लावाल ना? दयावाल्याला विचार, उद्या तुमच्या नावडत्या माणसाचा अर्ज आला तर? उत्तरं इतिवृत्तात शब्दशः लिहून घे. चहा येईपर्यंत निम्मे लोक आपलंच बोलणं विसरतात. पाळकसाहेबांना मात्र भर सभेत कोंडीत पकडू नकोस, आधी घरी जाऊन भेट.