राणी झाली, पण फसवली गेली

प्रश्न: सिसिलीची अदेलाइदे जेरुसलेमची राणी कशी झाली अन् तिचं लग्न मोडलं काऊन? – एक वाचक, धरमपेठ, नागपूर

उत्तर: ही उत्तर इटलीच्या देल वास्तो घराण्यातली, नवरा, म्हणजे सिसिलीचा सरदार-शासक (काउंट) रॉजर पहिला, ११०१ मध्ये गेला, पोरं लहान म्हणून सिसिलीचा कारभार हिनंच सांभाळला, अन् तिचं ११०९ चं ग्रीक-अरबी पत्र युरोपातल्या सगळ्यात जुन्या कागदी दस्तऐवजांत मोजतात! १११३ मध्ये जेरुसलेमचा राजा बाल्डविन पहिला याच्याशी लग्न झालं, त्याला पैसा पाहिजे होता, अट अशी की मूल नाही झालं तर गादी तिच्या पोराला, रॉजर दुसऱ्याला. पण बाल्डविनची आधीची बायको जिवंतच होती ना! १११७ मध्ये लग्न रद्द, हुंडा उडवून झालेला, बाई सिसिलीत परत. मला तर वाचून लय राग येते. १११८ मध्ये ती सिसिलीतल्या पाट्टी गावी वारली, लेकाच्या मनातला राग मात्र गेला नाही असं बाराव्या शतकातला इतिहासकार टायरचा विल्यम लिहितो.