गोचिडीत दिसतं, मग रक्तात का नाही?

प्रश्न: माझा धाकटा भाऊ अमेरिकेत, कनेटिकटला असतो. जूनमध्ये रानातून फिरून आल्यावर त्याच्या गुडघ्यामागे खसखशीएवढी गोचीड चिकटलेली सापडली. आठव्या दिवशी रक्त तपासलं, तर लाइम या गोचिडीच्या चाव्यातून होणाऱ्या आजाराची टेस्ट निगेटिव्ह आली. लाइमच्या जिवाणूवरचं ‘ऑस्प-ए’ हे प्रथिन ओळखणाऱ्या अँटीबॉडी प्रयोगशाळांना विकत मिळतात, असं मी वाचलं. मग त्या वापरून रक्तात थेट जिवाणूच का शोधत नाहीत? गोचीड त्याने डबीत ठेवली आहे. निदान तिच्यावर तरी हे करता येईल का?

उत्तर: याच अँटीबॉडी हाताशी घेऊन मी बरीच वर्षं गोचिडी तपासल्या आहेत, म्हणून तुमचा प्रश्न वाचल्यावर उत्तर लिहायला लगेच बसले.

आधी एक गुंता सोडवू. तुमच्या भावाच्या टेस्टमध्ये जिवाणू शोधलेलाच नाही. जिवाणूविरुद्ध त्याच्या स्वतःच्या शरीराने अँटीबॉडी तयार केल्या आहेत का, एवढंच त्यात पाहतात. त्या तयार व्हायला काही आठवडे जातात. आठव्या दिवशीच्या निगेटिव्ह रिपोर्टवर म्हणूनच विसंबू नका. तुम्ही वाचलेल्या अँटीबॉडी वेगळ्या. त्या उंदराच्या पेशींपासून किंवा सशाच्या रक्तातून मिळवलेल्या असतात आणि प्रयोगशाळेत जिवाणूचं प्रथिन पकडण्याचं काम करतात.

पकडतात मात्र फार सुंदर. सुईच्या टोकाएवढ्या चिमट्यांनी गोचिडीच्या पिल्लाचं आतडं सलाइनच्या थेंबात सोडवायचं, काचपट्टीवर पसरायचं, वाळवून ॲसिटोनमध्ये पक्कं करायचं. मग ऑस्प-एची अँटीबॉडी, धुणं, तिच्यावर चमकणारा रंग लावलेली दुसरी अँटीबॉडी, पुन्हा धुणं. अंधाऱ्या खोलीत सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला की काळ्याभोर पार्श्वभूमीवर हिरवी, नागमोडी सुतं दिसतात. पहिल्यांदा पाहिली तेव्हा मी बराच वेळ खुर्चीवरून उठलेच नव्हते. शास्त्रज्ञ विली बर्गडॉर्फर यांना न्यूयॉर्क राज्यातल्या शेल्टर बेटावरच्या गोचिडींच्या आतड्यातच हे जिवाणू सापडल्याचं १९८२ मध्ये प्रसिद्ध झालं, आणि पुढच्याच वर्षी ॲलन बार्बर आणि सहकाऱ्यांनी एच५३३२ या अँटीबॉडीचं काम प्रसिद्ध केलं. ती ऑस्प-ए ओळखते.

आता तुमच्या प्रश्नाचं मर्म. ऑस्प-ए हा जिवाणूचा गोचिडीच्या पोटातला पोशाख आहे. उपाशी गोचिडीत तो या प्रथिनाच्या आधारे आतड्याला चिकटून बसतो. गोचीड माणसाला किंवा उंदराला चावून रक्त प्यायला लागली, पोटात ऊब आली, की जिवाणू ऑस्प-ए बनवणं कमी करतो आणि ऑस्प-सी हे दुसरं प्रथिन अंगावर चढवू लागतो. टॉम श्वान आणि सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये हा पालट दाखवला. मग जिवाणू आतड्यातून लाळग्रंथीकडे सरकतात आणि लाळेतून आपल्या अंगात शिरतात. याला वेळ लागतो, म्हणून गोचीड चोवीस तासांच्या आत काढली तर लागण होण्याची शक्यता फारच कमी असते. आपल्या अंगात शिरतो तो जिवाणू ऑस्प-ए जवळपास उतरवूनच येतो. जे प्रथिन अंगावर नाही, ते अँटीबॉडी पकडणार कसं?

ही गोष्ट लशीच्या बाबतीतही कामी आली होती. १९९८ मध्ये अमेरिकेत मंजूर झालेली लाइमरिक्स ही लस ऑस्प-एचीच होती. लस घेतलेल्या माणसाच्या रक्तातल्या अँटीबॉडी चावणाऱ्या गोचिडीच्या पोटात जायच्या आणि जिवाणू माणसापर्यंत पोचण्याआधी तिथेच मरायचे. माणसाचं रक्त गोचिडीच्या पोटात जाऊन लढतं, ही कल्पना मला आजही थक्क करते. मागणी कमी असल्याचं सांगून कंपनीने २००२ मध्ये ती बाजारातून काढली. मला त्याचं वाईट वाटतं.

तुम्ही म्हणाल, मग ऑस्प-सीची अँटीबॉडी वापरा. पण तिचीही अडचण आहे: जिवाणूच्या जातीजातीत ऑस्प-सी बदलतं, लागण झाल्यावर काही आठवड्यांत तेही कमी होतं, आणि मुळात रक्तात जिवाणू इतके थोडे असतात की थेंबभर नमुन्यात एखादाही सापडेल याची खात्री नसते. ते रक्तात रेंगाळत नाहीत, त्वचेत, सांध्यांत जाऊन बसतात.

आणि सापडल्यासारखं वाटलं तरी सावध राहावं लागतं. एकदा उंदराचं रक्त पिऊन पोट भरलेल्या गोचिडीच्या पिल्लांच्या काचपट्ट्यांवर मला सगळीकडे हिरवा उजेड दिसला. आनंदाने सोबतच्या मुलीला हाक मारली. मग पहिली अँटीबॉडी न लावलेली काचपट्टी, म्हणजे कंट्रोल, बघितली, तर तीही तितकीच उजळलेली. गोचिडीच्या पोटात उंदराचंच रक्त होतं, त्यात उंदराच्या अँटीबॉडी होत्या, आणि माझी दुसरी अँटीबॉडी उंदराच्या अँटीबॉडींनाच चिकटण्यासाठी बनवलेली होती. जिवाणूंचा संबंधच नव्हता. पुढच्या वेळी रंग थेट पहिल्या अँटीबॉडीलाच जोडून घेतला, दुसरी वापरलीच नाही, आणि तो उजेड गेला. तेव्हापासून कंट्रोलची पट्टी मी सगळ्यात आधी पाहते.

राहिली डबीतली गोचीड. तिच्यात जिवाणू आहे का, हे तपासता येतं, बहुधा पीसीआरने, म्हणजे जिवाणूचा डीएनए शोधणाऱ्या तपासणीने. पण त्यावरून भावाचे उपचार ठरवायचे नसतात. तिच्यात जिवाणू सापडला म्हणजे तो त्याच्यात उतरला असं होत नाही, आणि न सापडला तरी न दिसलेली दुसरी एखादी गोचीड चावलेली असू शकते. त्याला रोज अंगावर नजर ठेवायला सांगा: चावल्यानंतर तीन ते तीस दिवसांत लाल, पसरत जाणारा चट्टा दिसला, ताप, अंगदुखी किंवा सांधा सुजला, तर गोचीड चावल्याची तारीख सांगून लगेच डॉक्टरांकडे जावं. तो चट्टा पाहून डॉक्टर रक्ताच्या रिपोर्टची वाट न पाहता उपचार सुरू करतात. चट्टा नसेल पण त्रास असेल, तर काही आठवड्यांनी पुन्हा रक्त द्यावं. गोचीड फेकू नका, तिची जात ओळखण्यासाठी ती उपयोगी पडते.